गिलाव्यात राहिलेलं भोक

भिंतीचा गिलावा कसा करून घ्यायचा हे मला कुणी शिकवायला नको. फौजेत असताना मी बराकी उभ्या करून घेतल्या आहेत. बर्फात माल गोठत असताना शेगडी पेटवून काम संपवलं आहे. आणि इथं, आष्ट्यापासून हाकेच्या अंतरावरच्या माझ्या स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरातली एक आतली भिंत मला पुरी करून घेता येईना. हवालदार मानसिंग म्हणून ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खी कंपनी ताठ व्हायची, त्याला एक गवंडी, एक बायको आणि एक पोरगी जुमानत नव्हती.

भिंतीची हकिगत आधी सांगतो, म्हणजे माझा जीव का मेटाकुटीला आला होता ते कळेल.

आमचा सोपा, म्हणजे घराची पुढची बसायची जागा, मूळचा एकच, लांबलचक. वडील गेल्यावर विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाचं, लालासाहेबाचं, आणि माझं वाजलं. मी तेव्हा रजेवर आलो होतो. पंच बसले, वाटण्या झाल्या आणि सोप्याच्या मधोमध नऊ इंची विटांची भिंत चढली, थेट आढ्यापर्यंत. ती चढत होती तोवर आम्ही दोघं भाऊ दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसलो होतो. एक वीटसुद्धा आपल्या बाजूला सरकता कामा नये, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघत होतो. भिंत वर टेकली आणि दोघांनीही गवंड्याला सांगितलं, आता पुरे. गिलावा त्यानं केला की मी करीन, असं मी म्हणालो. तोही अगदी तेच म्हणाला. त्यामुळे पाच-सहा वर्षं ती भिंत दोन्ही अंगांनी उघडीच राहिली.

आई थोरल्याकडं राहिली. खरं तर ती कुठंही राहिली असती, पण त्या दिवशी मी भर पंचांत म्हणालो होतो की थोरल्याच्या घरातल्या माणसानं माझा उंबरा ओलांडायचा नाही. रागात माणूस बोलतो. तो काय सरकारी हुकूम असतो? पण आमची आई, चंद्राबाई, पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "मग मी बी थोरल्याच्याच घरातली." झालं. तेवढं वाक्य तिनं गाठ मारून ठेवलं. तेव्हापासून तिनं माझा उंबरा ओलांडला नाही आणि मी तिचा. रजेवर आलो की ती गल्लीत दिसायची. मला बघून डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी म्हशीची चौकशी करायला लागायची. हट्टीपणात आमच्या घराण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, आणि हे मी स्वतःला धरून सांगतोय.

मग एकदाचा मी पेन्शनीवर घरी आलो. लगोलग नीलिमाचं, माझ्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरलं. पाहुणे वडूजचे, माणसं चांगली. मुलगा एसटीत वर्कशॉपला. साखरपुडा आमच्या घरी करायचा ठरला. आता पाहुणे सोप्यात बसणार, आणि सोप्यात बसलं की समोर काय दिसणार? उघड्या विटा, दरजांतून बाहेर आलेला वाळका माल, वर कोळ्यांची जाळी. भाऊबंदकी भिंतीवर लिहून ठेवल्यासारखी. मी ठरवलं, थोरला गेला खड्ड्यात, आपल्या बाजूचा गिलावा करायचा, वरून चुन्याची नीरू फिरवून भिंत आरशासारखी करायची आणि सांगलीहून रंग आणायचा. शिवाय पलीकडचं खोकणं, भांडणं, रेडिओ, काही म्हणजे काही ऐकू येता कामा नये.

गावात गवंडी म्हणजे ज्ञानू. भिंतही त्यानंच बांधलेली. फौजेतल्या कुणालाही तो मेजरच म्हणतो. पहिल्या दिवशी तो आला, भिंतीवर पाणी मारायचं म्हणून मी खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, आणि कॅलेंडरच्या मागं भोक निघालं.

छातीच्या उंचीला, एक वीट आडवी मावेल एवढं भोक. आरपार. भोकात स्वच्छ धुतलेलं फडकं अंथरलेलं आणि त्यावर एक वाटी. वाटीत शेंगदाण्याची चटणी, ताजी.

"हे काय?" मी विचारलं.

"पहाडाचं भोक," ज्ञानू म्हणाला. "बांधताना उभं ऱ्हायला पहाड, म्हंजे परांची, करत्यात, त्येच्या आडव्या बल्ल्या भितीत घालाव्या लागत्यात न्हवं? त्येची भोकं गिलाव्याच्या येळंला बुजवायची असत्यात. तुमी गिलावाच केला न्हाई. वरची चिमण्यांनी भरली. हे खालचं राहिलं."

"मी भोकाचं नाही, वाटीचं विचारतोय."

ज्ञानूनं एकदम वाळू चाळायला घेतली. माझी बायको, बनू, चुलीकडून शांतपणे आली, वाटी उचलली आणि चालायला लागली.

"बने, हे कवापासनं चाललंय?"

"भित झाल्यापासनं," ती म्हणाली. "तुमी तिकडं काश्मिरात. हितं पोरगी तापानं फणफणली तवा मी कुणाला हाक मारायची हुती? भोकातनं मारली. आत्तींनी, तुमच्या आईनं, काढा दिला, रातभर त्या बाजूला बसून राहिल्या."

"आणि मला सांगावंसं वाटलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी पत्रातनं भोक बुजवलं असतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रजेवर आलो की मी त्या कॅलेंडरखाली पाट मांडून जेवायचो. वारा नसताना कॅलेंडर हलतंय हे मी बघितलंही होतं आणि पाल असेल म्हणून सोडून दिलं होतं. माझ्याच घरात माझ्या नाकासमोर दळणवळण चालू होतं आणि मला कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती. मी ज्ञानूला बजावलं, "पहिल्यांदा हे भोक बुजव. मग बाकीची भिंत."

"व्हय मेजर," ज्ञानू म्हणाला.

आणि त्यानं पहिल्यांदा बाकीची भिंत केली.

काम त्यानं चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. दरजा खरवडल्या, विटांना पोटभर पाणी पाजलं, ओळंबा धरून गिलावा चढवला, रंध्यानं सारखा केला. वरपासून खालपर्यंत भिंत कशी सपाट झाली. फक्त भोक आणि त्याच्या भोवतीचा वीतभर तुकडा तसाच विटांचा राहिला. मी विचारलं, तर म्हणाला, माल संपला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाला, आज अमावास्या, अवसेला घरातलं भोक बुजवत नाहीत.

"हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"लिहिलेलं न्हाई. पर बुजवत न्हाईत."

अमावास्या गेली, तर म्हणे भोकात पालीनं अंडी घातली आहेत. मी बॅटरी लावून बघितलं. अंडी नव्हती. होतं ते फडकं, आणि फडक्यावर पुन्हा वाटी. या वेळी भोपळ्याच्या घाऱ्या. मी रागानं वाटी काढून घेतली. आता काढलीच आहे तर वाया कशाला घालवायची म्हणून घाऱ्या खाल्ल्या. गूळ जरा जास्त होता. आईचा हात गुळाला पहिल्यापासूनच सैल.

शेवटी मी ज्ञानूला भिंतीसमोर उभा केला आणि सांगितलं, आज भोक बुजल्याशिवाय तू घरी जायचं नाही. तेव्हा त्यानं डोक्याचा टॉवेल सोडून पुन्हा बांधला आणि खरी अडचण काढली.

"मेजर, आरपार भोक एका अंगानं बुजत न्हाई. हिकडनं माल मारला की तिकडनं गळून पडतोय. पलीकडनं कुणीतरी फळी दाबून धराय लागती. मग हिकडनं माल ठासायचा."

"मग जा तिकडं आणि धर फळी."

"मी फळी धरू का माल मारू?"

"बनूला पाठवतो."

"वैनी कशा जातील? तुमीच म्हटलाय, हिकडचं माणूस तिकडं आन् तिकडचं हिकडं..."

"मी फक्त तिकडचं हिकडं म्हटलं होतं!"

"मग हिकडच्या माणसाला थोरल्यांनी तसंच म्हटलंय."

मी कपाळावर हात मारून घेतला. भोक बुजवायला थोरल्याला 'फळी धर' म्हणून विनवायचं? त्यापेक्षा भिंत पाडलेली परवडली. ज्ञानूला मी त्याच्या अवजारांसकट बाहेर काढला. तो जाताना बनूकडं बघून हसला, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

त्या संध्याकाळी नीलिमा माझ्यासमोर येऊन बसली. पोरगी शांत आहे, आवाज चढवत नाही, त्यामुळे तिच्याशी भांडताना माझाच आवाज मला फार मोठा वाटतो.

"आबा, ते भोक साखरपुडा होईपर्यंत ऱ्हाऊ द्या."

"का?"

"आजीला बघायचाय. माझा साखरपुडा. ती तिकडनं बघणार हाय. पाट कुठं मांडायचा ते बी ठरलंय आमचं."

मी जे बोललो ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असावं. "माझ्या पोरीचा साखरपुडा माझी आई भोकाला डोळा लावून बघणार? आन् वडूजच्या पाहुण्यांनी इचारलं, भितीत डोळा कुणाचा, तर मी काय सांगू?"

"मग तिला बोलवा की."

"मी येऊ नको म्हटलंय का? तिनं यावं!"

"तुमी म्हटलाय, आबा. पंचांत म्हटलाय."

"थोरल्याला म्हटलं होतं! आईला कोण म्हणतंय? आईला लेकाच्या घरी यायला आवतान लागतंय व्हय?"

"मग द्या की आवतान. लागत नसंल तर देऊन काय बिघडतंय?"

ह्या पोरीला मी शाळेत घातली तेव्हा ती इतकी सरळ बोलेल असं वाटलं नव्हतं. मी उठून बाहेर गेलो. मला राग आला होता. आईला यायचं असेल तर तिनं यावं. मी का म्हणून बोलवायचं? मुलगा मी आहे. अडून बसायचा हक्क माझा. आई अडून बसते हे कुठं ऐकलंय का कुणी?

साखरपुडा तोंडावर आला. बनू आणि नीलिमा साड्या घ्यायला सांगलीला गेल्या. थोरला सकाळीच कारखान्यावर कामाला गेलेला मी डोळ्यांनी बघितला, त्याची मोटारसायकल अजून फटफट वाजते. घरात मी एकटा. म्हटलं, आता कुणाच्या बापाला विचारायचं नाही. कोपऱ्यात उरलेलं सिमेंट होतं, चाळलेली वाळू आणि थोडी नीरू होती. घमेल्यात माल कालवला, थापी घेतली आणि भोकापुढं उभा राहिलो.

फडकं काढलं. थापीभर माल आत मारला. तो सरकत सरकत पलीकडं गेला आणि पलीकडं कशावर तरी पडल्याचा चपकन आवाज आला. म्हणजे ज्ञानू अगदीच खोटं बोलत नव्हता. मग मी विटेचा एक तुकडा फोडून घेतला आणि आत ठोकला. तो अर्ध्यापर्यंत गेला, छान बसला. मी माल घ्यायला वळलो. परत बघतोय तर तुकडा भोकाच्या तोंडाशी आलेला. माझी नजर चुकली असेल म्हणून मी तो पुन्हा ढकलला. तो माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू बाहेर यायला लागला आणि माझ्या पायावर पडला.

अंगठा धरून मी नाचलो. मग रिकाम्या सिमेंटच्या पोत्याचा बोळा करून आत खुपसला. तो पलीकडून सुळकन ओढला गेला. अख्खं पोतं गेलं. ज्या भिंतीतून एक शब्द पलीकडं जाऊ नये म्हणून मी धडपडत होतो, त्या भिंतीनं माझं पोतं गिळलं.

मग मात्र माझा तोल गेला. मी भोकाला तोंड लावलं आणि ओरडलो, "कोण हाय रं तिकडं? काय चेष्टा लावलीया? एवढीच हौस असंल तर फळी धरा की! फळी धरा, म्हंजे एकदाचं बुजवतो आन् मोकळा हुतो!"

पलीकडं काही हललं. काहीतरी ओढत आणल्याचा आवाज झाला. आणि भोकातला उजेड बंद झाला. पलीकडून कुणीतरी खरंच फळी लावली होती, घट्ट दाबून.

"धरली," आवाज आला. "भर आता."

आईचा आवाज होता. भिंतीतून नाही, लाकडामागून आल्यासारखा. इतक्या वर्षांत ती माझ्याशी थेट बोललेली नव्हती. पहिला शब्द बोलली, तो हा.

"आई?"

"मग कोण? थोरला कामावर गेलाय, सून रानात गेलीया. मीच हाय. पोळपाट धरलाय, फळी न्हाई गावली. भर बिगीबिगी."

"मगाशी तुकडा कोण ढकलत हुतं?"

"मीच. मला वाटलं, थोडं दम खाशील. पर तू म्हणालास फळी धरा. तुला भोक नगंच हाय, तर मग नीट बुजव. पाहुण्यांम्होरं पोरीच्या घरची भित फुटकी दिसाय नगं. त्यांच्यातली माणसं बोलत्यात मागनं."

थापीवर माल होता. मी तो तसाच धरून उभा राहिलो. पोळपाट कडेला थोडा हलत होता. तो तिला पेलत नसावा. आईचं वय किती झालं याचा मी बऱ्याच दिवसांत विचार केला नव्हता.

"तू साखरपुडा बघणार हुतीस म्हणं," मी म्हणालो.

"बघणार हुते. आता ऐकू यील तेवढं यील. गिलावा झाला की तेवढं बी येत न्हाई, ज्ञानू म्हणत हुता." मग ती म्हणाली, "तू पहाटं लय खोकतोस. बिडी सोड. आता हे बुजलं की मला कळायचं बी न्हाई, खोकतोस का न्हाई."

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की पलीकडचे आवाज मला नकोत. ती पलीकडं बसून माझं खोकणं मोजत होती, हे कुणी सांगितलंच नाही. आणि तरीही माझा राग काही जाईना, कारण हे सगळं तिला आधी बोलता आलं असतं, गल्लीत, म्हशीची चौकशी करण्याऐवजी.

"आई, परवा यायचं असंल तर ये," मी म्हणालो. माझ्या परीनं मी खूपच वाकलो होतो.

"यायचं असंल तर, व्हय?" ती म्हणाली. "असलं आवतान म्हशीला देत्यात. भर तू. हात भरून आलं माझं."

माल घट्ट व्हायला लागला होता. सिमेंट कुणासाठी थांबत नाही. मी थापी उचलली, भोकापर्यंत नेली, आणि खाली आणली.

"माल कमी पडला," मी म्हणालो.

पलीकडं पोळपाट जरा सैल झाला.

"ज्ञानू बी हेच म्हणत हुता," आई म्हणाली. पोळपाट बाजूला झाला आणि उजेड आला. "मग भरणार नसशील तर कडा तरी घासून घे. इटा टोचत्यात. वाटी सरकवताना दर वक्ताला मनगट खरचटतंय."

मी त्या दुपारी भोकाच्या कडा केल्या. थापी आत जाईना, म्हणून बोटांनीच माल लावला, आतपर्यंत, जिथवर हात पोहोचला तिथवर. नीरू फिरवली. चारही कोपरे गोल केले, ओल्या फडक्यानं पुसून घेतले. भोवतीचा विटांचा तुकडाही गिलाव्यात घेतला. फौजेत मी कधी एवढं बारीक काम केलं नव्हतं आणि कुणी केलं असतं तर त्याला शिव्या दिल्या असत्या. चुन्यानं बोटं चुरचुरत होती आणि मी कुणावर तरी ओरडावं म्हणून घरात बघत होतो, पण घरात कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ज्ञानू रंगाचा हात मारायला आला. भोकासमोर बराच वेळ उभा राहिला. कडेवरून बोट फिरवलं.

"कडा कुणी मारल्या, मेजर?"

"गप काम कर."

"न्हाई, बऱ्या मारल्यात."

"ज्ञानू, तुझ्या डोक्यावर डबा उपडा करीन."

साखरपुड्याला वडूजकर वेळेच्या आधीच आले. नवीन गिलाव्याचा आणि रंगाचा वास अजून होता. सोपा गच्च भरला. मी पाहुण्यांच्या मधे टोपी नीट करत बसलो होतो, आणि जे व्हायचं तेच झालं. भिंत आता इतकी सपाट आणि पिस्ता रंगाची दिसत होती की तिच्यात ते एक भोक सोडून दुसरं काही दिसतच नव्हतं. मुलाच्या आईनं सुपारी फुटायच्या आधीच विचारलं, "आवं, ते भितीत काय ठेवलंय?"

"पहाडाचं भोक हाय," मी म्हणालो. "गवंडी आळशी. बुजवायचं राहिलं."

मागच्या रांगेत ज्ञानू खाकरला. आणि भोकातून कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "खोटं बोलतोय."

सगळ्यांनी माना वळवल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पाहुण्यांच्या आदरानं म्हणा किंवा घाबरून म्हणा, भटजींनी पुढचं चालू ठेवलं. नीलिमाची ओटी भरली, अंगठी घातली, साखरेचा पुडा फुटला. आणि मग भोकातून एक हात बाहेर आला. म्हातारा, शिरा वर आलेला, चिमटीत साखर. हात तसाच वाट बघत राहिला.

नीलिमा पाटावरून उठली, भोकाजवळ गेली आणि तिनं तोंड पुढं केलं. हातानं चाचपत साखर भरवली, गालावरून बोटं फिरवली, आणि तो हात आत गेला. परत आला तेव्हा पुन्हा चिमटीत साखर. "जावईबापू," आवाज आला. मुलगा उठला, लाजत गेला, साखर खाऊन आला. वडूजच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि एक-दोघी डोळे पुसत होत्या. मी खाली मान घालून सतरंजीचे दोरे ओढत बसलो.

तिसऱ्यांदा हात आला.

"मान्या."

एवढ्या माणसांत, व्याह्यांसमोर, मान्या. मी उठलो नाही. हातही आत गेला नाही. बनूनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवून घेतलं. शेवटी मी उठलो, भोकापर्यंत गेलो. भोक छातीच्या उंचीला. तोंड तिथवर न्यायचं तर कमरेतून वाकायला लागतं. मी वाकलो. निम्मी साखर मिशीला लागली.

"आ कर नीट," आई म्हणाली.

साखर तोंडात, डोळ्यांत पाणी, मागं सगळी वडूजकर मंडळी. आता यापेक्षा आणखी काय जायचं राहिलं होतं? "आई, हे काय चालवलंयस?" मी ओरडलो. "भोकातनं कसली साखर भरवतीस? पुढनं ये की!"

"बोलावतोयस?"

"बोलावतोय!"

परेड मैदानावर द्यायचो तसा आवाज लागला. पारावरच्या लोकांनी वळून बघितलं, असं नंतर कळलं.

हात आत गेला. मग अंगणात चपलांचा आवाज झाला आणि आई दारात आली. नवी चौकटीची साडी नेसून तयारच होती, म्हणजे सकाळपासून नेसून बसली असणार. तिच्या मागं अंगणात थोरला हात मागं बांधून उभा होता, आभाळाकडं बघत. त्याचं नंतर बघू म्हटलं.

आईनं उंबऱ्याकडं एकदा बघितलं, उजवा पाय आत टाकला, आणि माझ्याकडं नाही, नातीकडं नाही, सरळ भिंतीकडं गेली. पहिल्यांदाच ती भिंत ह्या बाजूनं बघत होती. तळहात ठेवला आणि वरपासून खालपर्यंत हळूहळू फिरवत आणला.

"हितं जरा फुगलीया," ती म्हणाली.

पाच-सहा वर्षांनी लेकाच्या घरात आलेली बाई आधी गिलाव्याला नावं ठेवते. नीलिमानं तिला धरून पाटाशेजारी बसवलं, व्याह्यांनी पाया पडायला सुरुवात केली आणि गलका झाला.

त्या गलक्यात ज्ञानू माझ्या कानाशी लागला. "मेजर, आता काम झालं. उद्या येऊन भोक बुजवून टाकू का?"

मी आईकडं बघितलं. ती मुलाच्या आईला शेंगदाण्याची चटणी कशी कुटायची ते सांगत होती.

"कसं बुजवणार?" मी म्हणालो. "फळी धरणारं माणूस आता हिकडं बसलंय."